डोळे मैदानावरच राहावेत: एका स्टेडियमच्या प्रेक्षक-अनुभवाच्या प्रकल्प नोंदी

९ जानेवारी

पहिली बैठक झाली. मैदान क्रिकेटचं, सामने टी-२०चे, बहुतेक फ्लडलाइटखाली. मागणी एका वाक्यात सांगायची तर प्रेक्षकाला नुसतं बसवून ठेवायचं नाही, सामन्यात सामील करून घ्यायचं. सोबत यादी होती: मोबाइल ॲप, प्रश्नमंजुषा, सेल्फीची भिंत, मोठ्या पडद्यावर आवाजमापक आणि पुढच्या चेंडूवर काय होणार ते ओळखायचा खेळ.

शेवटचा खेळ मी बैठकीतच काढायला सांगितला. चेंडूगणिक अंदाज आणि त्यावर बक्षीस म्हणजे सट्ट्याचाच सराव, आणि स्टँडमध्ये लहान मुलं असतात. त्यावर फार वाद झाला नाही.

उरलेल्या यादीला मी एकच प्रश्न लावून बघितला. हे करताना माणसाची नजर कुठे असेल? प्रत्येक वेळी उत्तर आलं, मोबाइलवर किंवा पडद्यावर. मोबाइल आणि पडदा घरीही असतो, आणि रीप्ले तर घरीच जास्त चांगला दिसतो. स्टेडियममध्ये मिळतं आणि घरी मिळत नाही असं एकच आहे: हजारो अनोळखी माणसांचा श्वास एकाच क्षणी अडकतो आणि एकाच क्षणी सुटतो. आपल्याला जे काही बांधायचं ते या अनुभवाला जोर देणारं हवं. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं: नजर मैदानावर, जाणीव शेजारच्यांची.

१४ जानेवारी

आजचा दिवस वेळेच्या हिशेबात गेला. जुन्या सामन्यांची चित्रफीत लावून प्रेक्षक कधी रिकामे असतात ते टिपत बसले.

मोकळ्या जागा खेळानेच ठेवलेल्या आहेत. दोन ओव्हरच्या मधली जागा सगळ्यात नेमाची. प्रत्येक डावात १९, म्हणजे सामन्यात ३८. आंतरराष्ट्रीय एकदिवसीय आणि टी-२० सामन्यांत २०२४पासून स्टॉप क्लॉक कायमचं लागू झालं आहे. ओव्हर संपल्यापासून ६० सेकंदांत पुढचा पहिला चेंडू टाकायला तयार व्हायचं, नाहीतर ताकीद, आणि दोन ताकिदींनंतर पाच धावांचा दंड. आमच्या दृष्टीने हा नियम सोन्यासारखा आहे, कारण मोकळी जागा किती मोठी ते आता घड्याळावर दिसतं. दुसरी जागा रिव्ह्यूची, म्हणजे पंचांच्या निर्णयावर खेळाडू दाद मागतो तेव्हाची. ती कधी येईल सांगता येत नाही, पण आली की अख्खं मैदान एकाच प्रश्नावर थांबलेलं असतं. तिसरी जागा डावांमधली. आंतरराष्ट्रीय टी-२०मध्ये ती २० मिनिटांची असते आणि त्या वेळी निम्मे लोक जागेवरून उठलेले असतात.

तीन जागा, तीन वेगळे स्वभाव. एकच कल्पना तिन्हीकडे ठोकून बसवायची नाही.

२० जानेवारी

ॲपचा आग्रह अजून सुटलेला नाही. "पडद्यावर क्यूआर कोड दाखवू, लोक स्कॅन करतील," असं पुन्हा आलं. म्हणून आज साधं गणित मांडलं. क्यूआर कोड वाचायला अंतराच्या साधारण एक दशांश रुंदी लागते असा ठोकताळा आहे. समोरच्या स्टँडमधून पडदा १५० मीटरवर असेल तर कोड १५ मीटर रुंद हवा, म्हणजे जवळजवळ अख्खा पडदाच त्याला द्यायचा. त्यातून सगळ्यांनी त्याच अर्ध्या मिनिटात एकदम जोडणी मागितली की वायफायची कसोटी लागते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, आणि खच्चून बसलेली माणसं रेडिओलहरी शोषतात ते वेगळंच.

पण माझा खरा आक्षेप तांत्रिक नाही. नेटवर्क उद्या सुधारेल, कोड सीटच्या पाठीवर चिकटवता येईल. तरीही खाली गेलेली मान खालीच राहते, आणि ती वर येईपर्यंत पुढचा चेंडू पडून गेलेला असतो. मोबाइलशिवाय करायचं हे आज लेखी मान्य करून घेतलं.

२७ जानेवारी

आवाजमापक यादीतून बाहेर. यावर वाद झाला, आणि चांगला झाला.

बाजूने मुद्दा असा की लोकांना तो आवडतो, सोपा आहे, पडद्यावर सुई चढताना मजा येते. विरोधात माझे दोन मुद्दे. पहिला कानांचा. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची कामाच्या जागेसाठीची शिफारस आहे ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. त्या हिशेबाने १०० डेसिबलला १५ मिनिटं उरतात. गर्दीचं स्टेडियम तिथवर आपोआप पोहोचतं. तिथे बसलेल्या पाच वर्षांच्या पोराच्या कानाशी आणखी ओरडा म्हणून आपणच सांगणं मला पटत नाही. दुसरा मुद्दा न्यायाचा. मायक्रोफोन जवळ असलेला स्टँड जिंकतो, छताखालचा स्टँड जिंकतो, आणि ज्यांना ओरडता येत नाही ते खेळाबाहेरच राहतात.

त्याऐवजी ठेका मोजायचा. टाळ्या किती मोठ्या हे सोडून द्यायचं आणि किती एकत्र पडतात ते बघायचं. त्यात लहान मूलही तेवढंच मोलाचं, आणि आवाज न चढवता जिंकता येतं. ध्वनीचं काम बघणाऱ्या दादांना कल्पना आवडली, पण ते लगेच म्हणाले, "अंतराचं काय करणार?" त्याचं उत्तर पुढच्या चाचणीत.

५ फेब्रुवारी

अंतराचं उत्तर आज रिकाम्या मैदानावर मिळालं.

ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. एका स्टँडमधून समोरच्या स्टँडपर्यंत २०० मीटर धरले तर जवळपास ०.५८ सेकंद लागतात. मिनिटाला १२० टाळ्यांचा ठेका म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला एक टाळी. मग समोरच्यांची टाळी आपल्यापर्यंत येते ती एक अख्खा ठोका मागे पडून, वर थोडी आणखी उशिरा. दोन्हीकडे स्वयंसेवक बसवले आणि एकाच स्पीकरवरून ठेका दिला. दोन्ही बाजू मन लावून वाजवत होत्या आणि मधोमध खेळपट्टीजवळ उभं राहून ऐकलं तर कालवा. प्रत्येक बाजूला दुसरी बाजूच चुकते आहे असं वाटत होतं.

मग स्पीकर बंद करून ठेका प्रकाशावर दिला. छताच्या कडेने फिरणारी दिव्यांची पट्टी आहे, ती टाळीच्या क्षणी उजळायची. प्रकाश सगळ्यांना एकदमच पोहोचतो. पहिल्या काही टाळ्या विस्कटलेल्या, नंतर मधोमध एकच स्वच्छ ठोका ऐकू यायला लागला. मी तिथे उभी होते आणि अंगावर काटा आला. शंभरेक माणसांत असं होत असेल तर भरलेल्या मैदानाचं काय होईल.

प्रकाशाचे नियम तेव्हाच ठरवून टाकले. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा उघडझाप नाही, कारण त्यापुढे प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्या माणसाला झटका येण्याचा धोका वाढतो. गडद लाल रंग ठेक्यासाठी वापरायचा नाही, तोही त्याच कारणाने. उघडझाप करताना दिवा पूर्ण विझवायचा नाही, हलकेच उजळायचा आणि हलकेच मंद करायचा. वेग मिनिटाला १२०, म्हणजे सेकंदाला दोन. त्याच्या वर जायचं नाही, कुणी कितीही मागणी केली तरी.

६ फेब्रुवारी

लाटेचं गणित. हे जमलं तर प्रकल्पाचा चेहरा हेच असेल असं मला वाटतं.

मेक्सिकन वेव्हवर २००२मध्ये 'नेचर'मध्ये एक छोटा अभ्यास आला होता. फार्कश, हेल्बिंग आणि विचेक यांनी चित्रफिती तपासून दाखवलं की लाट साधारण सेकंदाला १२ मीटर, म्हणजे सुमारे २० सीट इतक्या वेगाने पळते, बहुतेक वेळा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाते, आणि ती उठवायला काही डझन माणसं एकदम उभी राहिली तरी पुरतात.

आता आमचं मैदान. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून ५९.४३ ते ८२.२९ मीटरच्या दरम्यान असते. त्यापलीकडे मोकळी पट्टी आणि मग सीट. स्टँडचा मधला भाग मध्यापासून १०० मीटरवर धरला तर एका फेरीचं अंतर ६२८ मीटर, आणि १२च्या वेगाने ५२ सेकंद. स्टॉप क्लॉक ६० सेकंदांचं. अंगावर येणारा हिशेब आहे. सुरुवातीलाच चारपाच सेकंद गेले की गोलंदाज रनअपवर आणि लाट अजून मैदानात.

उपाय: लाट एका जागेवरून सोडायची नाही, समोरासमोरच्या दोन टोकांवरून एकाच वेळी, एकाच दिशेने सोडायची. प्रत्येकीने अर्धी फेरी पुरी करायची. २६ सेकंदांत सगळं मैदान एकदा उठून बसलेलं असेल आणि अर्ध्याहून जास्त वेळ हातात उरेल. छताची दिव्यांची पट्टी १२ मीटरच्या वेगाने पुढे धावेल, लोक तिच्या मागे. दिवा हा वारकऱ्यांच्या दिंडीतला पुढचा पताकावाला समजायचा. तो वेग धरतो, बाकीचे चालतात.

१३ फेब्रुवारी

रिव्ह्यूचा कौल. सगळ्यात अवघड भाग, म्हणून इथे सविस्तर.

कल्पना साधी आहे. पायचीतच्या निर्णयावर रिव्ह्यू घेतला गेला की स्टँडने आपलं मत द्यायचं: आउट की नॉटआउट. तसंही सगळे शेजाऱ्याशी तेच बोलत असतात. ते बोलणं सगळ्या मैदानाला दिसेल असं करायचं.

पहिला नमुना दोन रंगांचं कार्ड. एक बाजू हिरवी, एक लाल. तो पहिल्या तासातच बाद केला. साधारण दर बारा पुरुषांमागे एकाला रंग ओळखण्यात अडचण असते आणि तीही बहुधा याच दोन रंगांत. मग निळा आणि नारिंगी करून बघितलं. स्वयंसेवकांपैकी अनेकांनी निळे टी-शर्ट घातले होते आणि कॅमेऱ्याच्या मोजणीत त्यांची छातीच कौल देत होती. खऱ्या सामन्यात अख्खे स्टँड संघाच्या रंगात असतात, त्यामुळे ही अडचण कुठल्याही रंगाला येणारच.

चहाच्या वेळी कॅमेऱ्याचं काम बघणारी मुलगी म्हणाली, "ताई, दोन रंग हवेतच कशाला? दोनदा विचारू ना." एकच भडक पिवळसर कार्ड. आधी "आउट वाटतंय त्यांनी वर करा", पाच सेकंद. मग "नॉटआउट वाटतंय त्यांनी वर करा", पाच सेकंद. दोन्ही वेळच्या चित्रातून आधीच्या रिकाम्या चित्राची वजाबाकी. टी-शर्टचा रंग दोन्हीकडे सारखाच, तो वजा होतो. रंगांधळेपणाचा प्रश्नच उरत नाही, कारण उत्तर रंगात नाही, वेळेत आहे. आणि मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच: पहिल्या फेरीनंतर लोक इकडेतिकडे बघतात. आपल्याबरोबर कोण आहे, पलीकडचा स्टँड काय म्हणतोय. दुसऱ्या फेरीला ते आणखी ठामपणे हात वर करतात.

१४ फेब्रुवारी

कार्ड वरच्या मजल्यावरून सोडून बघितलं. कडक पुठ्ठा वाऱ्यावर तरंगत थेट सीमारेषेच्या आत जाऊन पडला. सामन्यात असं एक जरी आलं तरी खेळ थांबतो. पुठ्ठा रद्द. आता कापडाचा रुमाल, हातभर रुंद, एका कोपऱ्याला गाठ मारून सीटच्या हाताला अडकवलेला. फेकता येत नाही, घरी जाताना कचरा होत नाही, धुऊन पुन्हा वापरता येतो. दोन्ही हातांनी ताणून धरला की कॅमेऱ्याला पुरेसा चौकोन दिसतो.

२४ फेब्रुवारी

कॅमेऱ्यामुळे कुणाचा चेहरा ओळखला जाणार नाही याची हमी शब्दांवर सोडायची नाही, ती चित्रातच असली पाहिजे. एक कॅमेरा ९० मीटर रुंद स्टँड बघतो. चित्राची रुंदी ३८४० पिक्सेल. म्हणजे मीटरला जेमतेम ४३. चेहरा सहासात पिक्सेलचा ठिपका, त्यातून आईलाही आपलं पोर ओळखू येणार नाही. रुमाल मात्र १५-२० पिक्सेल भरतो, मोजायला पुरतो. चित्र साठवायचं नाही, कॅमेऱ्याशेजारच्या डब्यातच मोजणी करून फक्त आकडा पुढे पाठवायचा. झूम होणारी लेन्स बसवायचीच नाही. नंतर कुणाला मोह झाला तरी यंत्राने साथ देऊ नये.

"प्रेक्षकांची माहिती गोळा करायची एवढी चांगली संधी" असा शब्द आज ऐकला. उत्तर दिलं की लोक खेळ बघायला येतात आणि आपण त्यांच्या करमणुकीसाठी बोलावलेलो आहोत, त्यांच्यावर पाळत ठेवायला नाही.

२७ फेब्रुवारी

व्हीलचेअरच्या ओट्यावर चाचणी. तिथे बसलेल्या एका काकांना दोन्ही हात खांद्याच्या वर नेता येत नाहीत. शेजारच्या माणसाने त्यांचा रुमाल धरावा ही सूचना कुणीतरी केली, ती त्यांना आवडली नाही आणि मलाही नाही. मत त्यांचं आहे तर ते त्यांच्याच हाताने गेलं पाहिजे.

कठड्याच्या आतल्या बाजूला, मांडीच्या उंचीवर, मोठं बटण बसवलं. तळहाताने, मुठीने, कोपराने कसंही दाबता येतं. दाबलं की बटण बोटांखाली हलकं थरथरतं, म्हणजे नोंद झाली हे बघावं लागत नाही. कमी व्होल्टेजची वायर, प्रत्येक जागेला एक. काकांनी ते चारपाच वेळा दाबून पाहिलं आणि म्हणाले, "थोडं उजवीकडे घ्या, चाकाचा ब्रेक आडवा येतो." उजवीकडे घेतलं.

३ मार्च

सामना अधिकाऱ्यांबरोबर बैठक. पंच म्हणून काम केलेले दोघे होते. आराखड्यात त्यांनी जे बदल सुचवले ते आमच्यापैकी कुणालाही सुचले नसते.

पहिला: दिवे केव्हा लागणार? ताशी १४० किलोमीटरचा चेंडू सेकंदाला ३९ मीटर जातो. दोन्ही क्रीझमधलं (फलंदाज उभा राहतो त्या रेषांमधलं) अंतर १७.६८ मीटर. वेग टिकून राहिला असं धरलं तरी फलंदाजाला अर्ध्या सेकंदापेक्षा कमी वेळ. त्या वेळात डोळ्याच्या कोपऱ्यात काही चमकलं तर नुसती खेळी जात नाही, दुखापत होऊ शकते. म्हणून छताची पट्टी चालवणाऱ्याच्या हातात दाबून धरायचा खटका असेल. अंगठा दाबलेला असेपर्यंतच दिवे, अंगठा सुटला की पट्टी आपल्या नेहमीच्या स्थिर प्रकाशावर. चालवणारा मैदानाकडे तोंड करून बसेल, संगणकाकडे नाही. ओव्हर पुकारली की दाबायचं, गोलंदाज आपल्या खुणेकडे वळला की सोडायचं. आपोआप ओळखणारी यंत्रणा लावू असं आमच्यातल्या एकाने सुचवलं. दोघांनीही मान हलवली, आणि मी त्यांच्या बाजूची आहे. हे काम खेळ कळणाऱ्या माणसाच्या डोळ्यांचं आहे.

दुसरा बदल: कौलाचा निकाल केव्हा दाखवणार? आम्ही लगेच दाखवणार होतो. ते म्हणाले, रीप्ले बघून निर्णय देणारा थर्ड अंपायर त्याच मैदानात बसलेला असतो. पडद्यावर सत्तर टक्के आउट असं झळकलं आणि मैदान गर्जलं तर तो भिंतीपलीकडे ऐकेलच. आधी त्याचा निर्णय, मग लोकांचा कौल. शिवाय खेळाडूला रिव्ह्यू मागायला १५ सेकंद असतात, त्या वेळात आमचं काहीही चालू नको. रिव्ह्यूची खूण झाली की मगच रुमाल.

निकाल नंतर दाखवायचा म्हटल्यावर सुरुवातीला वाटलं होतं की रंगत जाईल. पण कागदावर क्रम मांडून बघितला तर उलट झालं. लोकांनी मत देऊन टाकलेलं असतं, आता निर्णय येईपर्यंत प्रत्येकाचं काहीतरी पणाला लागलेलं. रंगत वाढली.

तिसरा बदल मात्र आमचा पाया हलवणारा. साइटस्क्रीनच्या, म्हणजे फलंदाजाला चेंडू नीट दिसावा म्हणून गोलंदाजाच्या पाठीमागे असलेल्या पडद्याच्या, मागे आणि वर बसलेल्या दोन ब्लॉकमध्ये भडक रुमाल अजिबात नको. एखाद्याने चुकून चेंडूच्या वेळी हलवला की फलंदाज बाजूला होणार.

बैठकीत हो म्हटलं, पण परतताना डोक्यात तेच. पायचीतचा कौल घ्यायचा आणि खेळपट्टीच्या सरळ रेषेत बसलेल्यांनाच वगळायचं? चेंडूचा टप्पा लेगस्टंपच्या (फलंदाजाच्या पायांकडच्या यष्टीच्या) बाहेर पडला का, हे फक्त त्यांनाच दिसतं, आणि बाहेर पडला असेल तर नियमाने पायचीत होतच नाही. बाजूच्या स्टँडला चेंडूची उंची कळते, रेषा कळत नाही.

४ मार्च

उत्तर व्हीलचेअरच्या ओट्यावरच तयार होतं. तेच बटण, तीच वायर, तीच थरथर, साइटस्क्रीनच्या दोन ब्लॉकमध्ये सीटच्या हाताखाली. काही हलत नाही, काही चमकत नाही, फलंदाजाला काही दिसत नाही. संध्याकाळी पंचांना एक जोडणी करून दाखवली. त्यांनी खेळपट्टीवर स्टान्स घेऊन समोर बघितलं, तेव्हा ब्लॉकमध्ये बसलेले आमचे सगळे बटणं दाबत होते. "दाबा की आता," असं ते ओरडले, तेव्हा आम्ही दाबून झालेलं होतं.

यातून आणखी एक गोष्ट निघाली. कौल एकत्र दाखवायचा नाही, स्टँडनिहाय दाखवायचा, मैदानाच्या गोल नकाशावर. मग निर्णय आल्यावर दिसेल की समोरच्या ब्लॉकला टप्पा बरोबर दिसला होता आणि बाजूचे उंचीवर बरोबर होते. कुणी हुशार, कुणी मूर्ख असं नाही, प्रत्येकाच्या जागेवरून खेळ वेगळा दिसतो. पायचीतचा नियम आयुष्यभर ऐकूनही न कळलेल्या माणसाला तो या नकाशावरून कळेल, असा माझा विश्वास आहे.

ज्या दोन टोकांवरून लाट सोडायची तीही हेच दोन ब्लॉक. ओव्हरच्या मध्येच असल्याने पंचांची हरकत नाही.

१२ मार्च

दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी समालोचन. इंटरनेटवरून ऐकवायचं नाही हे आधीच ठरलं होतं, कारण नेहमीचं स्ट्रीमिंग कित्येक सेकंद मागे असतं. मैदान जल्लोष करून शांत झाल्यावर कानात "गोलंदाज धावत येतोय" ऐकू आलं तर त्याचा उपयोग काय? मैदानापुरता कमी शक्तीचा रेडिओ प्रक्षेपक, परवानगीसह, आणि साधे छोटे रिसीव्हर.

जोडीला मैदानाचा उठावदार नकाशा, मांडीवर मावणारा. मधोमध खेळपट्टीची उंच पट्टी, भोवती तीस यार्डांच्या वर्तुळाचे ठिपके, कडेला सीमारेषेची दोरी. आज एका ताईंनी तो हाताळला. समालोचक म्हणाला, "मिडविकेटला फटका," आणि त्यांचं बोट खेळपट्टीवरून तिरपं सरकत दोरीपर्यंत गेलं. मग त्या थांबल्या. "फलंदाज डावरा आहे का? मग मिडविकेट दुसऱ्या बाजूला." खरं होतं. समालोचकाने प्रत्येक वेळी नव्या फलंदाजाचा हात आधी सांगायचा आणि गोलंदाजी कुठल्या टोकाकडून तेही, ही सूचना त्यांची. नकाशाच्या दोन टोकांना वेगळे खाच केले, म्हणजे कुठलं टोक ते बोटाला कळेल.

२१ मार्च

डावांमधल्या वीस मिनिटांसाठी मार्गिकेतला चेंडू. जमिनीत दिव्यांची पट्टी, बरोबर १७.६८ मीटर, एक क्रीझ ते दुसरी क्रीझ. प्रकाशाचा ठिपका चेंडूच्या वेगाने धावतो, पोहोचण्याच्या क्षणी टाळी वाजवायची.

आधी एकाने उभं राहायचं असं होतं. प्रत्येकाला २० सेकंद धरले तर २० मिनिटांत ६० जणं, आणि बाकीच्यांची रांग. रांग मार्गिकेत म्हणजे बाहेर पडायची वाट अडली. म्हणून आता पट्टीच्या कडेला उभे असलेले सगळेच एकदम खेळतात, ठिपका आपल्यासमोरून जाताना टाळी. थांबायची गरज नाही, चालता चालता होतं. जागा बाहेर पडायच्या रस्त्यापासून बाजूला हलवली, आग विझवणाऱ्यांच्या माणसाने फीत लावून मोजून घेतली. बाकी यात लिहिण्यासारखं फार नाही, चाललं आहे.

२ एप्रिल

सराव सामन्यावर सगळ्याची एकत्र रंगीत तालीम. स्टँड अर्धवट भरलेले.

टाळ्यांचा ठेका पहिल्याच विश्रांतीत बसला. लाट पहिल्यांदा अर्ध्यात विरली. रिकाम्या सीटचा मोठा पट्टा ती ओलांडून जाईना. दिव्याचा वेग तिथे तसाच ठेवला आणि पट्ट्यापलीकडच्या लोकांना दिवा येताना आधीपासून दिसत होता, त्यामुळे पुढच्या वेळी त्यांनी ती स्वतःच उचलली. दोन्ही टोकांच्या लाटा एकमेकींच्या जागी पोहोचल्या तेव्हा गोलंदाज अजून क्षेत्ररक्षण लावत होता. लहान मुलं उभी राहून दिव्याकडे बोट दाखवत होती, म्हातारी माणसं नुसते हात वर करत होती, आणि तेवढ्यानेही लाट जात होती.

रिव्ह्यू एकच आला. पायचीत, पंचांनी आउट दिलेलं. रुमाल वर गेले, बहुतेक आउटच्या बाजूने. साइटस्क्रीनच्या ब्लॉकची बटणं मात्र नॉटआउटकडे झुकली होती, ते फक्त आमच्या टेबलावर दिसत होतं. निर्णय आला: टप्पा लेगस्टंपबाहेर. मग नकाशा पडद्यावर. तो ब्लॉक उठून उभा राहिला आणि इतर स्टँडनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. हे आम्ही आखलेलं नव्हतं, कुणी सांगितलेलं नव्हतं.

खटका चालवणाऱ्याचा अंगठा दुखायला लागला, कारण स्प्रिंग फार कडक होती.

५ एप्रिल

खटक्याची स्प्रिंग मऊ केली आणि दर डावाला माणूस बदलायचं ठरलं. रुमालाची गाठ मुलांच्या हाताला लहान पडते, फास मोठा करायला शिवणाऱ्यांकडे पाठवला. शांत खोलीच्या दारावर दिव्यांच्या वेळा लिहून लावायच्या, म्हणजे ज्यांना प्रकाश आणि कल्लोळ सहन होत नाही त्यांना कधी बाहेर यायचं ते आधी कळेल. समालोचनाच्या रिसीव्हरला बोटाने ओळखू येणारं बटण हवं, सध्याची तिन्ही सारखी आहेत.

व्यवस्थापनाकडून विचारणा आली की लाट प्रत्येक ओव्हरनंतर सोडता येईल का. नको म्हणून कळवलं. डावात दोनदा, तीही सामना अटीतटीचा नसेल तेव्हा. शेवटच्या तीन ओव्हरमध्ये पट्टी पूर्ण बंद ठेवायची, खटका टेबलावरून काढून कुलपात. त्या वेळी लोकांना आमची गरज नसते. हे कलम हस्तांतराच्या कागदात घातलं आहे, सही मिळाली की पुढच्या आठवड्यात दिवे आणि बटणांची उरलेली जोडणी सुरू.